रस्त्याच्या पलीकडून

एका तालुक्याच्या गावात एक तरुण राहत होता. दिवसा तो पतसंस्थेत हिशेब लिहायचा आणि रात्री जेवण झालं की आपल्या वेबसाइटचं काम काढून बसायचा. हे काम त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पाहून पाहून, मोडून जोडून तो शिकला होता. परिसरातल्या जुन्या विहिरींची माहिती त्याला साइटवर लिहायची होती. चार विहिरींवर लिहूनही झालं होतं. जीव मात्र रमायचा तो साइटच्या रूपात.

आधी त्याने कोणीतरी फुकट दिलेली तयार थीम घेतली. मग दुसरी घेतली. मग सगळ्याच बाजूला सारून स्वतःची लिहिली. सारे रंग त्याने फाइलच्या माथ्यावर नावं देऊन ठेवले होते. तिथला एक आकडा बदलला की अख्खं पान रंग पालटायचं. हा खेळ ज्याने केला आहे त्याला ठाऊक असतं, की रात्रीचे दोन कधी वाजतात ते कळत नाही. अखेर एका रूपावर त्याचं मन बसलं. काळसर निळी पार्श्वभूमी, तिच्यावर राखाडी बारीक अक्षरं, मागे विहिरीचा पुसट फोटो, आणि मथळ्यातली अक्षरं एकमेकांपासून दूर दूर, परदेशी साइटवर असतात तशी. साइट बनवणाऱ्या मित्रांनी पाहिलं आणि भारी झालंय म्हणाले. विहिरींबद्दल कोणी काही बोललं नाही.

शेजारी एक पेंटर राहत होते. एके काळी गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. पुढे फ्लेक्स आला, काम घटलं. तरी शाळांच्या भिंती, ट्रॉल्यांचे नंबर, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या असं काही ना काही मिळत होतं. तरुण त्यांना काका म्हणायचा. त्याने मळ्यातल्या विहिरीवर लिहिलंय हे कळलं तेव्हा काका म्हणाले, "अरे, त्या विहिरीत मी पोहायला शिकलो. दाखव की."

त्याने लिंक पाठवली. काका दुपारचे ओट्यावर बसले होते. त्यांनी फोन लांब धरला, जवळ आणला, हाताने उन्हाला आडोसा केला.

"फोटो दिसतोय. अक्षरं कुठायत?"

मग मथळ्याकडे पाहून म्हणाले, "आणि वरची रेघ कोणी तोडली?"

अक्षरांत अंतर सोडलं की मोकळं दिसतं, असं तरुणाने सांगितलं. काका हसले. "इंग्रजी अक्षरं सुटी उभी राहतात. आपली दोरीवरच्या कपड्यांसारखी. दोरी कापून कसं चालेल?" थोडं थांबून म्हणाले, "उद्या सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी दूध डेअरीची पाटी होती. मालकाने आधीच ठरवून ठेवलं होतं: गडद हिरव्यावर लाल अक्षरं, मधोमध मोठी गाय आणि भोवती वेलबुट्टी. काका म्हणाले, "मजकूर सांगा." मालक पुन्हा गाईवर आला. काकांनी पुन्हा मजकूर विचारला. तो कागदावर उतरवून घेतला, अक्षरं मोजली, खडूचा दोरा ताणून भिंतीवर रेघा उमटवल्या आणि खडूनेच नाव लिहिलं. मग रंगाचा डबा न उघडताच ते रस्ता ओलांडून पलीकडच्या एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. तरुण मागोमाग गेला. काका डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले. परत आले, सगळं पुसलं, अक्षरं मोठी केली, खालची एक ओळ काढूनच टाकली. आणि पुन्हा थांब्यावर.

"इथे येऊन का बसायचं?" तरुणाने विचारलं.

"वाचणारा इथे असतो. भिंतीजवळ मी एकटाच."

रंगाचंही तसंच झालं. डेअरीवर लोक पहाटे यायचे. अंधुक उजेडात लाल रंग काळपट दिसतो, हिरव्यावर तो हरवून जाईल, असं काकांनी मालकाला सांगितलं. बरीच घासाघीस झाली. शेवटी पांढऱ्यावर गडद निळी अक्षरं ठरली. गाय राहिली, पण कोपऱ्यात. आणि ती काकांनी सगळ्यात शेवटी, अगदी मन लावून काढली. गळ्यातल्या घंटेसकट.

पुढच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तरुण आईचा जुना फोन घेऊन पतसंस्थेच्या पायरीवर उन्हात बसला. पान उघडायलाच वेळ लागला, कारण एकाच फॉन्टच्या निरनिराळ्या जाडीच्या पाच फाइली उतरत होत्या. उघडलं तेव्हा त्याला स्वतःचंच लिखाण वाचता येईना.

रात्री त्याने कामाला हात घातला. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ असावं, असं वेबच्या सुगम्यतेचे नियम सांगतात. त्याचं ३ लाही पोचत नव्हतं. पार्श्वभूमी पांढरी आणि अक्षरं गडद झाली. फोटो मजकुराच्या मागून निघून त्याच्या खाली गेला. फॉन्टच्या पाचांपैकी दोन फाइली उरल्या. मथळ्यातलं अंतर काढलं, तशी तुटलेली रेघ सांधली गेली. ओळींमधली जागा इंग्रजीच्या मापाची होती, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकत होते, ती वाढवली. पानाच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या थीमपासून तशीच राहिलेली, भाषा इंग्रजी अशी नोंद होती. ती त्याने मराठी केली आणि बघता बघता पानभर ल आणि श बदलले. शाळेत गिरवतात तसा पाकळीचा ल आला. फॉन्टमध्ये तो पहिल्यापासून होता, त्याला कोणी हाक मारली नव्हती. काळं रूप मात्र त्याने टाकलं नाही. ज्याने आपल्या फोनवर तसं लावलं असेल त्याला काळं दिसावं, बाकीच्यांना पांढरं, अशी सोय केली.

पानाला रूप देणाऱ्या सीएसएसची कल्पना होकोन विउम ली यांनी १९९४ साली मांडली, तेव्हा पान कसं दिसावं यात लिहिणाऱ्याबरोबर वाचणाऱ्याचंही मत धरायचं, असं त्यांच्या मनात होतं. पुढे लिहिणाऱ्याचंच जास्त चाललं. आपण सजवतो ते रात्री, घरात, स्वतःच्या मोठ्या पडद्यासमोर बसून. वाचणारा भलतीकडेच उभा असतो. हौस वाईट नाही. काकांची गायही हौसच होती. फक्त ती काढण्याआधी ते दोनदा रस्ता ओलांडून आले होते.

आठवड्याने काकांनी पुन्हा मळ्यातल्या विहिरीचं पान उघडलं. या वेळी फोन हातात स्थिर होता. ते ओळीमागून ओळ वाचत गेले. रंगाबद्दल काही बोलले नाहीत, मथळ्याबद्दलही नाही.

"पायऱ्या पूर्वेला लिहिल्यास," ते म्हणाले. "पश्चिमेला आहेत. आणि मोटा दोन चालायच्या, एक नव्हे."

तरुण घरात जाऊन लॅपटॉप घेऊन आला आणि काका सांगतील तसं दुरुस्त करू लागला. बोलता बोलता आणखी दोन विहिरी निघाल्या. त्यातली एक बुजवली होती; तिची जागा आता काकांनाच तेवढी ठाऊक होती.