सान्निध्य आणि अवधान

महाड-पोलादपूरकडील डोंगरी गावांतून कर्ता पुरुष मुंबईस आणि कुटुंब घरी, ही विभागणी कित्येक पिढ्यांची आहे. पूर्वी मनीऑर्डरीच्या कुपनावरील दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवी. म्हणजे पतीचे क्षेमकुशल पत्नीबरोबरच ओटीवरील सर्वांस कळे. त्या काळाचे गोडवे गाणारांनी एवढे ध्यानात ठेवावे की, अशा जोडप्यांस बोलण्याचा पहिला एकांत मिळाला तो मोबाईलमुळेच. 22 जुलै 2021 रोजी सावित्रीच्या पुराने महाड बुडाले आणि फोन मुके झाले, तेव्हा मुंबईत किती जीव टांगणीस लागले असतील!

परंतु तोच पुरुष गणपतीस घरी येतो, आणि रात्री त्याची दृष्टी त्याच काचेवर खिळलेली. मुंबईहून बोलताना त्याचे सारे अवधान तिच्याकडे असे. हाताच्या अंतरावर आल्यावर ते निम्मेही उरत नाही. ह्यास यंत्राचा दोष म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. दूर असता बोलणे हा निश्चय असतो. जवळ असता ती आहेच, असे गृहीत धरले जाते. वर्तमानपत्रात तोंड खुपसून चहा पिणारे आमचे वडीलधारे तरी काय निराळे करीत होते? भेद इतकाच की, वर्तमानपत्र संपत असे. आणि आता तिच्याही हाती तसेच यंत्र आले आहे. तेव्हा रुसावयाचे कोणी, हाही प्रश्नच आहे.