लहानग्यांचे हॅलोवीन : भय आणि भयानक रस

दरवर्षी गणपती उठले, नवरात्र संपले, की आपल्या मंडळींच्या घरात एक प्रश्न डोके वर काढतो : मुलांसाठी घरी हॅलोवीन करायचे का, आणि करायचे तर किती? २०२४ साली तर अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोवीन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले. दाराच्या एका बाजूला पणत्या आणि दुसऱ्या बाजूला दात विचकणारा भोपळा, अशी गंमत आपल्यापैकी अनेकांच्या घरी झाली. त्यावर चर्चाही भरपूर झाल्या, पण सगळ्या "हा सण आपला की त्यांचा" याच मुद्द्यावर.

मला वाटते तो प्रश्न फार अवघड नाही. आयर्लंडमधल्या जुन्या समजुतीप्रमाणे वर्षातून एका रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची जगे जवळ येतात. तिथले लोक सलगमसारखे कंद कोरून त्यात दिवे ठेवीत. एकोणिसाव्या शतकात ते हजारोंनी अमेरिकेत आले, इथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि सलगम मागे पडला. म्हणजे हाही स्थलांतरितांनी बरोबर आणलेला आणि इथल्या बाजारात मिळेल त्या भाजीवर भागवलेला सण. आंब्याच्या डहाळीऐवजी प्लॅस्टिकचे तोरण लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ही तडजोड समजायला हरकत नाही. शिवाय पितृपंधरवडा पाळणाऱ्यांनी मृतांच्या आठवणीची रात्र अगदीच परकी मानावी, हेही थोडे नवलच.

खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. लहान मुलाला केवळ गंमत म्हणून घाबरवणे योग्य आहे का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने तो मला फोनवर विचारला, जरा वेगळ्या शब्दांत. घरी बारा मुलांची पार्टी, वये तीन ते सात, आणि थीम "भुताचा वाडा". तळघरात अंधारी वाट, एका वाडग्यात सोललेली द्राक्षे म्हणजे डोळे, दुसऱ्यात गार स्पॅगेटी म्हणजे आतडी, दाराआड मुखवटा घालून दडलेला तिचा नवरा, आणि अंगणात थर्माकोलची थडगी, एका थडग्यातून बाहेर आलेला हात. साताऱ्याहून आलेल्या तिच्या सासूबाईंचे म्हणणे, दिवाळीच्या तोंडावर घरात भुतेखेते नकोत. नवऱ्याचे म्हणणे, मुले जरा घाबरली तर घाबरू देत, त्याशिवाय ती धीट कशी होणार? "मामा, तू डॉक्टर आहेस, तूच सांग."

डॉक्टर म्हणून पहिले उत्तर तोंडावरच होते : द्राक्षे अख्खी ठेवू नकोस, उभी चिरून चार तुकडे कर, चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष बुचासारखे बसते. पण तिचा प्रश्न द्राक्षांचा नव्हता.

भीतीत गोडी असते हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखलेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रसांमध्ये भयानक हा एक रस आहे, शृंगार आणि हास्याच्या पंगतीला बसलेला. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याचा उलगडा करताना शाकुंतलातले हरिण घेतले. दुष्यंताच्या बाणापुढे मान वळवून वळवून पाहत ते धावते आहे. हरिणाला वाटते ते भय. ते आपण रंगमंचावर पाहतो तेव्हा ते कोण्या एका हरिणाचे राहत नाही, माझेही नसते, शेजाऱ्याचेही नसते. म्हणूनच आपण उठून पळत नाही, उलट पुढे सरकून बसतो. भय वेगळे आणि भयानक रस वेगळा. मधे एक अंतर असते, आणि "हे नाटक आहे" या जाणिवेतून ते तयार होते.

आता प्रश्न असा की तीन वर्षांच्या मुलाजवळ हे अंतर असते का?

याचा एक सुंदर प्रयोग रीटा डव्रीज या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६९ साली प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचे एक माणसाळलेले मांजर त्यांच्याकडे होते. मुलांनी आधी त्याला पाहिले. मग मुलांना त्याची शेपटीकडची बाजू दिसत राहील अशा बेताने त्याच्या तोंडावर भयंकर कुत्र्याचा मुखवटा चढवला, आणि विचारले, हा कोण? सहा वर्षांची बहुतेक मुले म्हणाली, मांजरच आहे, मुखवटा घातलाय. तीन वर्षांच्या अनेकांना मात्र ते खरोखर कुत्रा झाल्यासारखे वाटले, भुंकेल, चावेल असेसुद्धा वाटले. आणि मांजर क्षणभरही नजरेआड झालेले नव्हते!

म्हणजे दाराआडून मुखवटा घालून काका "भॉ" करतो तेव्हा सात वर्षांच्या मुलाला भयानक रस मिळतो आणि तीन वर्षांच्या मुलाला नुसते भय. तो काकाला भीत नाही, काकाचे काहीतरी दुसरेच झाले म्हणून भितो. त्याची अवस्था प्रेक्षकाची नाही, हरिणाची आहे.

मग रस कोणाला मिळतो? अवघड वाटेल, पण इथे आपणच सापडतो. मूल दचकून रडते आणि भोवतीची मोठी माणसे हसतात, कोणीतरी फोनवर चित्रण करते. २०११ साली इथल्या एका टीव्ही कार्यक्रमाने आईवडिलांना आवाहन केले होते : मुलांना सांगा की तुमची सगळी हॅलोवीनची कँडी आम्ही खाऊन टाकली, आणि त्यांचे रडणे चित्रित करून पाठवा. लोकांनी हौसेने पाठवले, आणि पुढे कित्येक वर्षे पाठवत राहिले. त्यात क्रौर्य होते असे म्हणणे कदाचित जास्त होईल. पण ज्या माणसावर मुलाचा सर्वांत जास्त विश्वास, त्यानेच तो विश्वास दोन मिनिटांच्या करमणुकीसाठी खर्चाला काढायचा, हा हिशेब मला पटत नाही. आपण फार शहाणे आहोत असेही नाही. जेवत नाही म्हणून बागुलबुवा बोलावणारे आपणच. माझ्या दवाखान्यात तर अजूनही आवाज येतो, "गप्प बस, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील." मी त्या मुलाचा घसा पुढे कसा तपासायचा, हे आईने सांगावे.

भाचीच्या नवऱ्याच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे आणि ते झटकून टाकू नये. भीतीशी खेळल्याशिवाय भीती जात नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आधी मुले गल्लोगल्ली कागदाचे नरकासुर करतात आणि पहाटे जाळतात. (हल्ली मोठ्यांच्या नरकासुरांपुढे लाउडस्पीकरच जास्त भयानक असतो, ते सोडा.) स्वतःच्या हाताने खळ लावून, कागद चिकटवून ज्याचे दात बसवले, त्या राक्षसाची भीती किती वाटणार? तिथे भीतीची दोरी मुलाच्या हातात असते. आजीच्या मांडीवर बसून राक्षसाची गोष्ट ऐकणारे मूल शहारते आणि लगेच म्हणते, "परत सांग!" माझ्या मते "परत" हा शब्द हीच या सगळ्याची कसोटी. दाराआडून दचकवलेले तीन वर्षांचे मूल कधी परत म्हणत नाही, ते आईचा पदर, म्हणजे इथे आईची जीन्स, घट्ट धरते.

मोठ्यांच्या भीतीबद्दलही एक सांगायला हवे. आपण मुलांना आणि मुलांच्या कँडीला फार जपतो. कोणीतरी अनोळखी माणूस त्यात विष घालील म्हणून घरी आणून एकेक गोळी तपासतो. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने अनेक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने अशी वाटलेल्या कँडीतून मुलाचा जीव घेतल्याचे एकही सिद्ध उदाहरण त्याला सापडले नाही. १९७४ साली टेक्ससमध्ये एक मुलगा सायनाइडने गेला खरा, पण विष घालणारा त्याचाच बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. उलट १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांच्या आकडेवारीत हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आगेमागेच्या आठवड्यांतल्या त्याच संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला, आणि तो सर्वांत वाढला होता चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये. भूत अंगणात नाही, रस्त्यावर आहे. तेव्हा पार्टी घरीच करण्याचा भाचीचा बेत मला सर्वस्वी पसंत होता.

थडग्यांचे मात्र मी स्पष्ट "नको" सांगितले, आणि अशुभ म्हणून नव्हे. येणाऱ्या मुलांपैकी एका चार वर्षांच्या मुलाचे आजोबा सप्टेंबरात कोल्हापूरला वारले होते. त्याला सांगितले होते, आजोबा बाप्पाकडे गेले. या वयात मरण म्हणजे कुठेतरी जाणे किंवा झोपणे. मारिया नॉज हिने १९४८ सालीच बुडापेस्टच्या मुलांशी बोलून हे नोंदवले आहे. त्या मुलाने मातीतून बाहेर आलेला हात पाहून विचारले असते, आमचे आजोबा कधी बाहेर येणार, तर बारा मुलांच्या गलक्यात उत्तर कोण देणार होते?

आमचा बेत ठरला तो असा. भुताचा वाडा रद्द. थीम आपली म्हातारी आणि भोपळा. लेकीकडे निघालेली म्हातारी, वाटेत खायला टपलेले प्राणी, आणि भोपळ्यात बसून त्यांना चकवून तिचे घरी येणे. भोपळा इथे आयता मिळतो, वाघ-कोल्ह्याचे भय आहे, आणि ज्याला भय वाटेल त्याला स्वतःच वाघ होता येते. चेहरा झाकणारे मुखवटे कोणालाच नाहीत, फक्त रंगाचे पट्टे, तेही सगळ्यांसमोर आरशात बघून. सहा-सात वर्षांच्यांना मात्र तळघरातली अंधारी वाट हवीच होती. ती त्यांना शेवटी अर्धा तास मिळणार, पण प्रत्येकाच्या हातात आपापली बॅटरी, आणि कोणीही "बास" म्हटले की दिवे लागणार. दिव्याच्या बटणाजवळ मुलांपैकीच एक जण उभा राहणार.

गोष्ट सांगायचे सासूबाईंनी कबूल केले, एकाच अटीवर : वाघाने मराठीत बोलायचे. वाघ होणार होता त्यांचाच मुलगा. तो आठवडाभर संवाद पाठ करत होता म्हणे.