व्हिएन्नाला न आलेले शेतकरी

१८४८च्या युरोपातल्या क्रांत्यांबद्दल वाचताना मी दर वेळी ऑस्ट्रियापाशी अडतो. पॅरिसच्या रस्त्यांवरचे अडथळे, गादी सोडणारा राजा, हे सगळं थरारक आहेच. पण मला छळतात ते व्हिएन्नाला न आलेले शेतकरी.

त्या मार्चमध्ये व्हिएन्नातले विद्यार्थी आणि कामगार उठले, मेटर्निक पळाला, पुढे निवडणुका होऊन संसद भरली. जुलैमध्ये हान्स कुडलिख या चोविशीतल्या सभासदाने, शेतकऱ्याच्याच पोराने, जमीनदारांची वेठ रद्द करण्याचा ठराव मांडला. ७ सप्टेंबरला कायदा झाला. या वेठीला तिकडे ‘रोबोट’ म्हणत. आज कारखान्यातल्या यंत्राला आपण तेच नाव देतो, आणि ते आलंय त्याच मूळ शब्दातून. असो. ऑक्टोबरमध्ये सम्राटाच्या फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला, तेव्हा कुडलिख खेड्यांत गेला: शहर वाचवायला चला. शेतकरी फारसे हललेच नाहीत. ३१ ऑक्टोबरला शहर पडलं. कुडलिखला त्याच्या गैरहजेरीत फाशीची शिक्षा झाली, तो अमेरिकेत जाऊन डॉक्टरकी करू लागला. वेठ मात्र परत आली नाही. शेतकऱ्यांचा हिशेब बरोबर निघाला.

मग ते चुकले का? राज्यघटना, छापखान्यांचं स्वातंत्र्य, हे त्यांचे प्रश्न नव्हते. त्यांना हवं ते मिळालं होतं. पण व्हिएन्ना उठली नसती, तर ती संसद भरली नसती आणि तो कायदाही झाला नसता. दुसऱ्याच्या बंडातून आपली बेडी तुटली, तर त्याचं आपण काही देणं लागतो का?

हा प्रश्न मला पुस्तकात भेटलेला नाही. मी कुंभवलीत राहतो, तारापूर एमआयडीसीत नोकरी केली. आमच्या कारखान्यात एकदा संप झाला, कायम आणि कंत्राटी कामगारांचा मिळून. बाविसाव्या दिवशी कायमवाल्यांचा करार झाला. कंत्राटी कामगारांचं ‘पुढे बघू’. मी कायम होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला आत गेलो. घरात आईचं आजारपण होतं, हप्ते थकले होते. कारणं खरी होती. पण ती पोरं गेटवर बसली नसती तर करार झाला नसता, हेही खरं होतं.

व्हिएन्नाच्या शेतकऱ्यांच्या आडोशाला मी बराच काळ लपलो. तिथून मला बाहेर काढलं आमच्याच जिल्ह्यातल्या वारल्यांनी. मे १९४५मध्ये तलासरीजवळ झरीला किसान सभेची परिषद भरली आणि वेठ व लग्नगडी बंद, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. संसद नाही, कायदा नाही. सावकाराकडे फुकट राबायला जायचं नाही, एवढंच. वेठ गेली, म्हणजे त्यांचंही काम झालं होतं. तरी त्याच पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीचा लढा सुरू झाला, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला हजारो माणसं जमली. का, तर गोदावरी पारुळेकरांच्या नावाने निरोप फिरले होते. बाईंवर संकट आहे म्हणून माणसं धावली. पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण गेले, त्यांत जेठ्या गांगड.

कुणी म्हणेल, भोळी माणसं, निरोपाला फसली. मीही एकेकाळी म्हणालो असतो. पण कुडलिखची हाक खरी होती आणि तिला माणसं आली नाहीत. इथे निरोपाची शहानिशाही न करता आली. वारल्यांची वेठ कुणी वरून काढून दिली नव्हती. शेजारचा पाडा ठाम राहिला तरच आपला पाडा सुटलेला राहणार, हे त्यांना रोज दिसत होतं. माझ्याकडे मात्र सही-शिक्क्याचा करार होता. खिशात कागद असला की शेजाऱ्याची गरज संपल्यासारखी वाटते.

त्या कंत्राटी पोरांपैकी एकजण अजून कुंभवली नाक्यावर भेटतो. आता रिक्षा चालवतो. ‘काय दादा, कुठं सोडू?’ विचारतो. परवा मी पैसे पुढे केले, तर सुट्टे नाहीत म्हणाला आणि निघून गेला.