रोवणी तिची, सातबारा तुझा

बस. आणि बोलायला लागायच्या आधी ऐक, तुझी बाजू माझ्यापर्यंत पोचली आहे. तुझा भाऊ येऊन गेला, मेव्हणा येऊन गेला, ग्रामपंचायतीच्या एका सदस्याचा फोनही झाला. सगळ्यांचं पालुपद एकच: बाई, तिला दोन शब्द सांगा, तुमचं ती ऐकेल. तुम्ही दोघंही माझ्या वर्गातून गेलात, म्हणून ही कामगिरी माझ्या गळ्यात. ठीक आहे, सांगते. फक्त तिला नाही, तुला. तिला जे बोलायचं ते मी तिच्याशी बोलले आहे आणि ते तुझ्या कानावर घालायची मला गरज वाटत नाही.

आधी ते 'अचानक गेली' बंद कर. लाखनीच्या बसस्टँडवर तेच, सोयऱ्यांच्या घरी तेच, आता माझ्या ओट्यावर बसूनही तेच. तीस वर्षांचा संसार कोणी अचानक मोडतं का गा? गुडघ्याचं दुखणं घेऊन ती दोन हंगाम रोवणीला वाकली. भंडाऱ्याला हाडाच्या डॉक्टरकडे ने म्हणाली, तर तू म्हणालास, धान निघू दे. धान निघालं, केंद्रावर गेलं, चुकारे जमा झाले, ट्रॅक्टरचा हप्ता फिटला. पुढच्या आषाढात ती पुन्हा बांधीत, गुडघाभर चिखलात. पोरीच्या बाळंतपणाला गोंदियाला राहिली तेव्हा तुझे फोन गेले ते विजेचं बिल कुठं ठेवलं आणि हरभऱ्याची डाळ कोणत्या डब्यात आहे, हे विचारायला. नात कशी आहे, एवढंही नाही. हे मला तिनं सांगितलेलं नाही, तुझ्या पोरीनं सांगितलं, आणि सांगताना ती खाली बघत होती. धाकटा नागपूरला नोकरीला लागला त्या वर्षी तिनं तुला विचारलं होतं, आता आपलं काय? तू उत्तर दिलंस, काहून, आपलं काय म्हणजे? तुला प्रश्नच कळला नाही. वर्गातही तुझं तेच होतं, प्रश्न पुरता न वाचता उत्तर लिहायला घ्यायचास.

डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं तू सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरतोस. जाण्याआधी तिनं प्रत्येक डब्यावर नाव लिहून चिकटवलं, बीपीच्या गोळ्या सकाळच्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या बांधून ठेवल्या, गॅसवाल्याचा नंबर भिंतीवर लिहिला. तू म्हणतोस, बघा बाई, तिचा जीव अजून घरातच आहे, येईल परत. अरे, परत यायचं असतं तर चिठ्ठ्या कशाला लावल्या असत्या? जीव असेलही. मला वाटतं, आहेच. पण तिच्यामागं तू उपाशी राहू नयेस, एवढ्यापुरता तो आहे. त्यातून तुझ्या सोयीचा अर्थ काढू नकोस.

मग ती बैठक. बारा पुरुष सतरंजीवर बसवलेस आणि तिला निरोप धाडलास की येऊन जाब दे. ती आली नाही, बरं केलं. याच तालुक्यात नवऱ्यानं बायको माहेरी धाडून दिली आणि वर्षानुवर्षं नेली नाही, अशी घरं तुलाही माहीत आहेत, मलाही. त्यांच्यासाठी कधी सतरंजी अंथरली गेली? संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांना १९८०च्या दशकात परित्यक्तांसाठी चळवळ उभी करावी लागली, ती उगाच नाही. बाई टाकली तर ते तिचं नशीब, आणि बाई निघून गेली की गावाची इज्जत! हा हिशोब मी शाळेत शिकवला नव्हता.

आता जे मला सगळ्यात जास्त झोंबलं ते. टपरीवर तू म्हणालास, तिचं कुठंतरी काहीतरी असल्याशिवाय ती एवढं धाडस करायची नाही. माझ्या कानावर आलं म्हणजे अर्ध्या तालुक्याच्या कानावर गेलं. पन्नाशी उलटलेली अंगणवाडी सेविका, सकाळी पोरांना खिचडी वाढते, दुपारी रजिस्टर भरते, संध्याकाळी भाड्याच्या खोलीत गुडघ्याला तेल चोळत बसते. तिच्याबद्दल हे बोलताना तुझी जीभ अडखळली नाही? लाज नसेल तर निदान कायदा तरी माहीत असू दे. भाटे नवरा-बायकोच्या खटल्यात नवऱ्यानं कोर्टातल्या लेखी कैफियतीत बायकोच्या चारित्र्यावर असेच शिंतोडे उडवले, आणि पुढं अंगाशी येतंय म्हटल्यावर ते मागेही घेतले. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये सांगितलं, असं लिहिणं हीच मानसिक क्रूरता, मागे घेतल्यानं ती पुसली जात नाही. म्हणजे बायकोला घटस्फोटाचं कारण नवऱ्यानं आपल्या हातानं लिहून दिलं. तुझ्या वकिलाला असलं काही सुचलं तर त्याला माझा निरोप दे.

'मी सहीच करत नाही, बघतो कशी सुटते.' हे तुझं दुसरं शस्त्र. बरोबर आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीनं वेगळं व्हायचं तर दोघांच्या सह्या लागतात. निदान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्ज केल्यावर सहा महिने थांबावं लागतं, आणि ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं असं २०१७ मध्ये ठरलं. तू सही दिली नाहीस तर तिला कारणं मांडून भांडावं लागेल. आणि संसार सांधण्यापलीकडे गेला आहे, एवढ्या एका कारणावर घटस्फोट देण्याची सोय त्या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालय घटनेच्या कलम १४२ खाली तसा देऊ शकतं, पण तिथवर जायला आयुष्य लागतं. म्हणजे तिला अडवून धरणं तुला जमेल, हे मी मान्य करते. पण ते कसं दिसतं तेही बघ. हवाई दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं लग्न १९६३चं, बायको शिक्षिका. १९८४ पासून दोघं वेगळे. त्यानं १९९६ मध्ये अर्ज केला. खालच्या कोर्टानं २००० साली दिलेला घटस्फोट त्याच वर्षी उच्च न्यायालयानं फिरवला, आणि शेवटचा निकाल लागला १० ऑक्टोबर २०२३ला. नवरा ८९ वर्षांचा, बायको ८२ची. न्यायालयानं घटस्फोट नाकारला, कारण घटस्फोटिता म्हणून मरायची तिची इच्छा नव्हती. मला त्या बाईचं म्हणणं समजतं, त्या पिढीत तो डाग फार मोठा होता. पण सत्तावीस वर्षं! तुझ्याकडे तेवढी आहेत का? आणि असली तर ती भंडाऱ्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात काढायची आहेत?

नांदायला येण्याची नोटीस पाठवतो म्हणालास. पाठव. कलम ९ अजून आहे. कोर्टानं हुकूम दिला तरी पोलीस तिला हाताला धरून तुझ्या ओसरीवर आणून सोडत नाहीत. मुंबईत १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं फर्मावलं तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या होत्या. पुढं डॉक्टर झाल्या. त्यांच्या नवऱ्याचं नाव आज कोणाला आठवतं का, बघ विचारून.

तुझ्या भावाची अक्कल तर वेगळीच. नोटरीकडे स्टँपपेपरवर फारकत लिहून घे आणि दुसरी कर, म्हणे. नोटरीला लग्न लावायचा अधिकार नाही आणि मोडायचाही नाही. जातीत काडीमोडीची जुनी प्रथा असेल तर कायदा ती मानतो, पण ती कोर्टात पुराव्यानिशी सिद्ध करावी लागते, भावानं सांगून भागत नाही. पहिलं लग्न कायद्यानं शिल्लक असताना दुसरं केलंस तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. तिथं मात्र चहा-जेवण वेळेवर मिळतं.

बरं. आता खऱ्या गोष्टीवर येऊ, जी तू माझ्यापासून लपवलीस आणि जी मला आधीच माहीत होती. तिनं तुझ्याकडे पैसे मागितले नाहीत. तिनं माजी मालगुजारी तलावाखालची ती एक एकर बांधी मागितली. आणि तू म्हणालास, सातबाऱ्यावर तुझं नाव कुठं आहे?

ती बांधी तू विकत घेतलीस, वडिलोपार्जित नाही. कशी घेतलीस? तिच्या माहेरची एकदाणी आणि गोफ मोडून. तुमच्या पायरीवर बसून मला हे तूच अभिमानानं सांगितलं होतंस, की बाई, बायको लाखमोलाची मिळाली. स्त्रीधन बायकोचं एकटीचं असतं, नवऱ्याकडे ते फक्त सांभाळायला असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगून ठेवलं आहे. त्यानंतरची प्रत्येक रोवणी तिची. पऱ्हे खणून पेंढ्या बांधायच्या, पाण्यात ओळीनं उभं राहायचं, कमरेत वाकून मागे मागे सरत एकेक चूड चिखलात खोचायची, वरून पाऊस, पायाला जळवा. बांधावर छत्री धरून तू उभा. केंद्रावर धान तुझ्या नावानं मोजलं, बोनस तुझ्या खात्यात पडला. आणि आता कागद दाखवतोस? शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा घामाचं हे देणं मान्य करून बायकोच्या नावावर जमीन करून देणारे अडाणी शेतकरी या महाराष्ट्रात निघाले. तू तर बारावी पास.

कायदा तुझ्या बाजूनं आहे, हे मी तुला सांगायला कचरत नाही. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या नावावरच्या मिळकतीत बायकोला आपोआप वाटा मिळत नाही. पोटगी मिळते, आणि त्यासाठी कमाई-मिळकत दोघांनाही शपथपत्रावर लिहून द्यावी लागते, २०२० पासून तसा दंडकच आहे. तेव्हा मुदतठेव पुतण्याच्या नावावर करायचा जो विचार चालला आहे तो सोड. वकील तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईच्या बाबतीत उत्पन्न बघत नाहीत. पण मी पोटगीचं बोलत नाही. ज्या जमिनीत तिचं सोनं आणि तिचे गुडघे गेले त्या जमिनीचं बोलते. बायकोला शेतजमिनीचं बक्षीसपत्र करून द्यायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर इतर खर्च. घटस्फोट झाल्यावर ती बायको राहणार नाही आणि सवलतही राहणार नाही. म्हणून आधी हे कर.

आता एक गोष्ट, आणि इथं मी ओरडत नाही. पोरीला फोनवर म्हणालास, मी स्वतःचं काही बरंवाईट करून घेईन. ती पोर रात्रभर जागी होती, मांडीवर तान्हं घेऊन. आईला परत आणायला हे हत्यार म्हणून वापरलं असशील तर पुन्हा तोंडातून काढू नकोस. पोरं तुमच्या दोघांच्या मधले पोस्टमन नाहीत. पण तसं खरोखर मनात येत असेल तर ते माझ्याजवळ बोल, आत्ता. गोठ्यातल्या फवारणीच्या बाटल्या आजच भावाच्या घरी नेऊन ठेव. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, रात्री दोनलाही उचलतात, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात डॉक्टरला दाखव. छातीत दुखलं असतं तर गेलाच असतास ना?

तू दुःखात आहेस, हे मला दिसत नाही असं समजू नकोस. शर्टाची बटणं खालीवर लागली आहेत आणि दाढी चार दिवसांची आहे. तीस वर्षं एका छपराखाली काढलेलं माणूस गेलं की घरातला आवाज जातो, झोप जाते, भुकेची वेळ कळत नाही. रड. शेतात जाऊन मोठ्यानं रड, कोण विचारतो. पण दारूच्या दुकानाच्या वाटेवर तुझी मोटारसायकल दोनदा दिसली आहे. आणि रोजचं जेवण वहिनीच्या घरून डब्यात येतं. तिच्याच्यानं आणखी किती होणार? तिलाही गुडघे आहेत. कुकर लावायला शिक. धान पिकवणाऱ्याला भात शिजवता येऊ नये, हे मला कधी कळलेलं नाही.

आणि ती परत येईल का, हे मला विचारू नकोस. मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. तू आत्तापासून जे काही करशील ते तिला परत आणायचा डाव म्हणून करशील, आणि तिला ते अर्ध्या दिवसात कळेल. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे. ती येईल. मंडपात नमस्कार कर, जेवलीस का विचार, आणि तिथून निघ. मामे-मावश्यांनी कुजबुज सुरू केली तर पहिल्यांदा तू गप्प कर, तुझ्या तोंडून ते थांबेल, दुसऱ्या कोणाच्या नाही.

सोमवारी जिल्हा न्यायालयात जा, मध्यस्थी केंद्र तिथंच आहे. तिला काय हवं आहे ते तिच्या तोंडून ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. त्याच्याही आधी दुय्यम निबंधकाकडे बक्षीसपत्राची वेळ घे. आणि तिथं जाताना भावाला सोबत नेऊ नकोस.