कौल नेमका कुणाचा?

कोकणात, गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतात. गाऱ्हाणं घातलं जातं आणि सगळे टक लावून बसतात. उजवी पाकळी आधी पडली की देवाचा होकार. डावी पडली तर कुणीतरी हळूच म्हणतं, ‘प्रश्न नीट मांडला नाही, पुन्हा लावा.’ देवाला विचारायला गेलेला माणूस बहुतेक वेळा उत्तर घरूनच घेऊन गेलेला असतो.

आपल्याला हवं तेच देवाने म्हणावं, या इच्छेचं करायचं काय, हा प्रश्न जुना आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी असे चार भक्त सांगितले आहेत. ज्ञानी श्रेष्ठ खरा, पण काही मागायला आलेल्यालाही तिथे हाकलून दिलेलं नाही. चौघांनाही उदारच म्हटलं आहे. 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली, तेव्हा ज्ञानेश्वरांनीही देवाकडे मागणंच मागितलं. फक्त ते स्वतःपुरतं न ठेवता साऱ्या विश्वासाठी मागितलं. भक्तिपरंपरेने इच्छा मोडीत काढली नाही, तिला मोठं केलं. पण समोर दोन वाटा असतील तर त्यातली देवाची कोणती, हे ठरवायचं कसं?

या प्रश्नाला पद्धतशीरपणे हात घातला इग्नेशियस लोयोला या स्पॅनिश शिपायाने. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणात पडून त्याला शूरवीरांच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात मिळाली ती ख्रिस्ताचं आणि संतांचं चरित्र सांगणारी पुस्तकं. त्याच्या लक्षात आलं की पराक्रमाची नि प्रेयसीची स्वप्नं रंगवताना मजा येते, पण मागाहून मन कोरडं पडतं. संतांसारखं जगण्याचा विचार मात्र सरल्यावरही प्रसन्नता ठेवून जातो. इच्छा दडपण्याऐवजी ती मागे काय ठेवून जाते ते पाहायला तो शिकला.

त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात दहा हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, हाती आलेल्या माणसांचे तीन प्रकार आहेत. पहिल्याला पैशाची आसक्ती सुटावी असं वाटतं, पण मरेपर्यंत तो काहीच करत नाही. दुसऱ्याला आसक्ती सुटायला हवी असते आणि पैसाही राहायला हवा असतो. देवानेच आपल्या इच्छेपाशी यावं अशी त्याची अपेक्षा. तिसरा ठेवायलाही तयार, सोडायलाही तयार. आपल्यापैकी बहुतेकांचा मुक्काम दुसऱ्या प्रकारात असतो.

कौल असा देवळातून मनात आला, पण त्यात एक गोष्ट मागे राहिली. देवळातली पाकळी चार माणसांसमोर पडते. आतल्या आवाजाला साक्षीदार नसतो. म्हणून तर इग्नेशियसने साधकाबरोबर मार्गदर्शक ठेवला. 1933 च्या मे महिन्यात गांधीजींनी 21 दिवसांचा उपवास केला तो आतल्या आवाजाच्या आज्ञेने, असं त्यांचं म्हणणं होतं. हा मनाचा भास नाही हे संशय घेणाऱ्याला पटवायला आपल्याकडे पुरावा नाही, हेही त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं. आपली खात्री सांगायची आणि संशय घेणाऱ्याचा हक्कही मान्य करायचा, हा प्रामाणिकपणा दुर्मिळ आहे.

म्हणून देवाकडे जे हवं ते खुशाल मागावं, पण मागताना ती आपली इच्छा आहे हे कबूल करावं. ‘देवाचीच इच्छा’ असं म्हणण्याआधी उलट उत्तर आलं असतं तर आपण ते मानलं असतं का, हे स्वतःला विचारावं. आणि तोंडावर ‘नाही’ म्हणू शकेल अशा एका तरी माणसाला ते बोलून दाखवावं. एवढंही करायची तयारी नसेल, तर निर्णय आपला आहे असं सरळ सांगावं. देवाचं नाव मध्ये आणू नये.