दान की न्याय?

रक्ताच्या कर्करोगाचे नाव निघाले की पूर्वी घरातली माणसे आशाच सोडून देत. आज तसे राहिलेले नाही. पण औषध सापडले म्हणजे ते रुग्णाच्या हाती पडलेच, असे होत नाही. जीव वाचविणारे औषध कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न म्हणूनच आपणा सर्वांपुढे आहे.

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाचे उदाहरण घेऊ. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र आखूड दिसले. १९७३ साली शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी कारण दाखविले. नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यातून तयार होणारे प्रथिन रक्तपेशींना सतत वाढायला लावते. नेमके तेच प्रथिन रोखणारे इमॅटिनिब हे औषध डॉ. ब्रायन ड्रकर, निकोलस लिडन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून तयार झाले. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रोजच्या गोळीवर अनेकांचा हा आजार मधुमेहासारखा आटोक्यात राहू लागला.

आपल्या देशात मात्र किंमत आड आली. नोव्हार्टिस कंपनीचे ‘ग्लिवेक’ महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध ८ ते १० हजारांना मिळे. नोव्हार्टिसने पेटंट मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला विरोध केला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले.

कंपनीची बाजूही समजून घेऊ. संशोधनाला वर्षे लागतात, पैसा लागतो. कष्टाचा मोबदला मागणे गैर नाही. शिवाय या कंपनीने भारतातील अनेक रुग्णांना हे औषध मोफतही दिले. मग तक्रार कशाची?

दान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते. ही गोळी मात्र बहुतेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. पैशांअभावी सोडली तर रोग पुन्हा उलटू शकतो. दुसऱ्याच्या मर्जीवर किती दिवस जगायचे? आणि हे ज्ञान एकट्या कंपनीचेही नाही. त्यात विद्यापीठांच्या प्रयोगशाळांचे काम आहे, लोकांचा पैसा आहे. गुण येईल याची खात्री नसताना सर्वांआधी ते औषध घेणारे रुग्ण आहेत. ज्याच्या घडणीत इतक्यांचा वाटा, त्याच्या फळावर गरिबाचाही हक्क आहे, असे आम्हाला वाटते. तो मान्य करणे म्हणजे न्याय.

हा प्रश्न संपलेला नाही. रुग्णाच्याच पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगाशी लढायला परत सोडण्याची उपचारपद्धती मुंबईच्या आयआयटी व टाटा रुग्णालयाने विकसित केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. परदेशापेक्षा ती कितीतरी स्वस्त आहे. तरीही खर्च लाखांच्या घरात जातो.

दयाळू शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने उतारशाळेचे पैसे भरले, आणखी लागतील तेही देण्याची हमी दिली. आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना त्याच्या औषधाच्या बिलाचीही विचारपूस करू या. रक्तदान करू या. आणि औषधाच्या किमतीचा प्रश्न निघेल तेव्हा तो आपलाच समजून बोलू या.