डोंगराच्या पंचांत कोण बसणार?

रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय भांडले, तेव्हा जखमी झाले ते दोन्हीकडचे नोकर. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रसंग दिला आहे. सिद्धार्थाने सुचविले की, दोन्हीकडून दोन-दोन माणसे घ्यावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा.

आपली कृष्णा महाबळेश्वरी उगम पावून सांगलीवरून कर्नाटकात जाते. तिच्या पाण्यासाठी १९६९ साली लवाद बसला. पण ते पाणी ज्या डोंगरातून येते, त्याचे काय? कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तेथून वाघाची वाट राधानगरी, तिलारीच्या रानातून गोवा आणि कर्नाटकात जाते. वाघ राज्याची हद्द मानीत नाही. तेव्हा तिन्ही राज्यांनी हे रान मिळून राखावे, हे योग्यच होय.

परंतु बंधुभगिनींनो, याच रानासाठी चांदोलीतली गावे उठली. घर सोडून आलेल्या माणसाला वाघावर करुणा करावयास सांगणे सोपे आहे! त्या करुणेची किंमत एकट्या गरिबानेच का भरावी?

साताऱ्याजवळच्या कास पठारावर गावांची समिती पर्यटकांकडून शुल्क घेते, फुले राखते, गावच्या पोरांना काम देते. काम हंगामापुरतेच, हे खरे. पण राखणारा गावचा आहे. उद्या तिन्ही राज्यांचे अधिकारी डोंगरासाठी एकत्र बसतील, तेव्हा त्या पंचांत उठलेल्या गावचा एक तरी माणूस असेल काय?